मास्क लागला आणि मामा बहिरे झाले

"केसपेपरचे साठ रुपये द्या."

"आठच? बरं झालं की, स्वस्ताई आली म्हणायची."

आणि मामांनी खरंच दहाची नोट काउंटरवर ठेवली आणि वरचे दोन रुपये परत मिळायची वाट बघत उभे राहिले. काउंटरवरच्या पोरीला वाटलं मस्करी करतायत. तिनं आवाज चढवून परत सांगितलं, "साऽऽठ!" मामा म्हणाले, "व्हय व्हय, आठ."

मी मागे फाईल शोधत होते, आधी हसू आलं आणि मग लगेच कान टवकारले. साठ आणि आठ यात फरक फक्त 'स' चा. हे माझं खातंच आहे. मी इचलकरंजीत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑडिओलॉजिस्ट आहे, इथल्या भाषेत 'कानाच्या मशीनवाल्या मॅडम'. जानेवारी २०२१ ची गोष्ट. ओपीडी नुकती पूर्ण सुरू झालेली, काउंटरसमोर छतापासून लटकवलेला जाड प्लॅस्टिकचा पडदा, जमिनीवर सहा-सहा फुटांवर पिवळे गोल, आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क.

मामांबरोबर मामी होत्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी निदान करून टाकलं.

"ह्यास्नी कोरोनानं बहिरं केलंय बघा."

"कोरोना झाला होता का मामांना?"

"न्हाई, झालाच न्हाई. पर तवापासनंच ऐकू यायचं बंद झालंय."

आता हे कोडंच की. व्हायरल इन्फेक्शननंतर अचानक ऐकू येणं कमी होतं हे आम्ही बघतो, पण इन्फेक्शनच नाही तर काय? मग विचारत गेले तसं कळलं की मामा जॉबर, वय ५३, गेली ३१ वर्षं साध्या यंत्रमागांवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉबर म्हणजे कारखान्यातला मागांचा मेकॅनिक, चोवीस-तीस माग त्याच्या जिवावर चालतात. मामी कांडी भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला, शेजारच्याच कारखान्यात, त्यांना २२ वर्षं झालेली. लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले, मग चालू झाले, आणि चालू झाल्यावर मास्क लावून काम, आणि तेव्हापासून मामांना "आवाज येतोय पर काय बोलत्यात कळंना".

हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकते. लोकांना वाटतं बहिरेपणा म्हणजे रेडिओचा आवाज कमी करणं, सगळंच बारीक ऐकू येणार. तसं नसतं. बहुतेक वेळा आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत.

मी हिस्टरी घेत होते तेव्हा एक गोष्ट जाणवली, मामा माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या मास्कवर, बरोबर तोंड असतं तिथं, आणि चेहऱ्यावर असा भाव की कोणीतरी चालू टीव्हीवर चादर टाकलीय. मी तेव्हा त्याची फक्त मनात नोंद घेतली, अर्थ लावला नाही. लावायला पाहिजे होता, मैसूरला शिकताना हेच तर डोक्यात भरलं होतं आमच्या, की पेशंट कुठं बघतो ते बघा. पण समोर वीस पेशंट बसलेले असले की माणूस फॉर्म भरत सुटतो.

तर मामांना बूथमध्ये बसवलं. बूथ म्हणजे साऊंडप्रूफ खोली, जाड दार, मधे दुहेरी काच, काचेच्या अलीकडे मी आणि माझं ऑडिओमीटर. पेशंटजवळ एक माईक असतो तो कायम चालू, तो काय बोलतोय ते मला ऐकू येतं. मला त्याच्याशी बोलायचं असेल तर टॉकबॅकचं बटण दाबून धरावं लागतं, नाहीतर मी इकडे गाणं म्हटलं तरी त्याला पत्ता लागत नाही. त्या खोलीत मी एकटीच होते, सकाळपासून घसा कोरडा, मास्क खाली केला, पाणी प्यायले आणि सहज विचारलं,

"मामा, जेवण झालं का?"

"न्हाई ओ. आज मटण हाय घरात, जाऊनच जेवणार."

"कोण करणार? मामी तर इथं आहेत."

"पोरगी आल्या माहेरला. ती करती झ्याक."

"बरं, आता बीप वाजला की हातातलं बटण दाबायचं, कितीही बारीक वाजू दे."

"दाबतो की."

आणि मी टॉकबॅक सोडायला हात नेला तर माझा हात बटणावर नव्हताच. मी ते दाबलंच नव्हतं! ती काच साधं बोलणं आत जाऊ देत नाही, त्यासाठीच बसवलीय. म्हणजे हा माणूस, ज्याला पाच मिनिटांपूर्वी साठचं आठ ऐकू आलं होतं, तो माझा एक शब्दही न ऐकता माझ्याशी मटणाच्या गप्पा मारत होता.

मी परत करून बघितलं. बटणापासून हात लांब, आणि ओठांची हालचाल नेहमीसारखीच ठेवून म्हटलं, "मामा, गाव कुठलं तुमचं?" लगेच उत्तर, "शिरोळकडचं." मग मास्क वर केला आणि बटण दाबून, स्पीकरवरून खणखणीत आवाजात तोच प्रश्न विचारला. मामा म्हणाले, "आँ?"

खरं सांगते, अंगावर काटा आला.

मग रीतसर टेस्ट केली. ज्यांनी ऑडिओग्राम बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, आडव्या रेषेवर आवाजाची फ्रिक्वेन्सी, डावीकडे २५० हर्ट्झ म्हणजे ढोलाच्या बाजूचं, उजवीकडे ८००० म्हणजे किणकिण-किर्र बाजूचं, आणि उभ्या रेषेवर डेसिबल, पण उलटे, वर शून्य आणि खाली १२०. शून्य डेसिबल म्हणजे आवाजच नाही असं नव्हे हां, तरण्या निरोगी कानाला जेमतेम ऐकू येतो तो आवाज म्हणजे शून्य. मामांचा उजवा कान २५० ला २०, ५०० ला २०, १००० ला २५. एकदम ठणठणीत. २००० ला ४०. आणि ४००० ला धाडकन ७५. मग ८००० ला परत वर, ५५. डावा कानही तसाच, झेरॉक्स काढल्यासारखा. कागदावर बघितलं तर सपाट रस्त्यावर मधेच विहीर.

ही विहीर म्हणजे गोंगाटाची सही. वयामुळे कान जातो तेव्हा रेघ उजवीकडे उतरतच जाते, ८००० ला सगळ्यात खाली. ४००० ला खड्डा पडून पुढं परत वर येते ती बहुतेक वेळा वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काढलेल्यांची. आता चार हजारच का, तर त्यात कानाच्या नळीचा हात आहे. पेनाच्या टोपणात फुंकर मारल्यावर शिट्टी वाजते ना, एका बाजूनं बंद नळी आपल्या लांबीप्रमाणं एक ठराविक सूर मोठा करते. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर, आतल्या बाजूला पडद्यानं बंद. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हिशोब घातला की तिचा आवडता सूर तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास निघतो. म्हणजे बाहेर नुसता खडखडाट असला तरी आत पोचेपर्यंत त्यातला तेवढा पट्टा नळीनं वाढवलेला असतो, आणि मार बसतो तो त्याच्या थोडा वरच्या जागी, चार हजारचा सूर टिपणाऱ्या पेशींना.

या पेशी शंखात, म्हणजे आतल्या कानातल्या वेटोळ्या नळीत असतात. कानाचा पडदा हलतो, मग हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं (शाळेत पाठ केलेली, रिकीब अंगातलं सगळ्यात लहान हाड), आणि ती पुढं शंखातल्या पाण्यात लाट उठवतात. शंख अडीच वेढ्यांचा, उलगडला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्यात प्रत्येक सुराची जागा ठरलेली, हार्मोनियमच्या पट्ट्या असाव्यात तशी, बारीक सूर दारापाशी आणि जाड सूर आत टोकाला. जॉर्ज फॉन बेकेशीनं मेलेल्या माणसांच्या शंखात ही लाट प्रत्यक्ष बघितली, त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. त्या पट्ट्यांवर एका कानात साधारण १५-१६ हजार केसपेशी. दोन्ही कान मिळून तीसेक हजार. इचलकरंजीत माग लाखाच्या वर आहेत, म्हणजे एका माणसाच्या दोन्ही कानांतल्या पेशींपेक्षा गावातले माग जास्त. आणि माग मोडला तर मामा दुरुस्त करतात, केसपेशी मेली की मेली. कोंबडीच्या कानात त्या परत उगवतात, माणसाच्या नाही. हे मी मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी कोंबडं आमच्यापरीस बरं."

आता मुद्द्याची गोष्ट, साठचं आठ का झालं. आपण बोलतो त्यातले स्वर, आ, ओ, ए वगैरे, यांचा जोर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो आणि ते दणकट असतात. मामांना ते सगळे व्यवस्थित पोचत होते, म्हणून त्यांना कधी वाटलंच नाही आपल्याला कमी ऐकू येतं. 'स' ची सळसळ मात्र चार हजारच्या वरच, आणि ती मुळातच अशक्त. म्हणजे 'साठ' मधला 'स' बरोबर त्या विहिरीत पडतो आणि उरतं 'आठ'. 'सात' चं 'आत' होतं. श, फ, त, थ, ख सगळे थोडेफार तिथंच लंगडतात. मग समोरचा वैतागून ओरडतो, पण ओरडल्यावर स्वरच मोठे होतात, 'स' कोणी ओरडू शकत नाही, करून बघा.

पण मग इतकी वर्षं कसं चाललं? मागाच्या कारखान्यात बोललेलं कोणालाच ऐकू येत नाही. तिथं सगळे ओठ वाचतात, कोणी शिकवत नाही, दोन-चार महिन्यांत येतं. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकासुद्धा असंच तोंड मोठं हलवून बिनआवाजी बोलायच्या, तिकडं त्याला 'मी-मॉइंग' असं नावही होतं. आणि गंमत अशी की ओठ आणि मामांचा उरलेला कान यांची जोडी एकदम जमून गेलेली. आरशासमोर उभं राहून बिनआवाजाचं 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणा, तिन्ही सारखेच दिसतात. ओठ वाचणाऱ्याची इथं पंचाईत. पण प, ब, म मधला फरक बराचसा खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो, तो मामांच्या कानाला ऐकू येतोच. उलट कानाला न कळणारा 'स' किंवा 'फ' ओठ-दातांवर निदान थोडा तरी दिसतो. जे कानाला दिसत नाही ते डोळ्याला ऐकू येतं, म्हणजे, उलटं, पण कळलं ना. आपण सगळेच हे थोडंफार करतो. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की कानावर 'बा' आणि समोर 'गा' म्हणणारा चेहरा ठेवला तर बऱ्याच लोकांना चक्क 'डा' ऐकू येतं, मेंदू दोघांची तडजोड करतो. मामांचा मेंदू वीसेक वर्षं ही तडजोड इतकी सफाईनं करत होता की मामांनासुद्धा त्याचा पत्ता नव्हता.

आणि मग २०२० मध्ये एका रात्रीत सगळ्या गावानं ओठ झाकले. वर मास्कमुळे बारीक सूर आणखी दाबले जातात, साध्या मास्कनं तीन-चार डेसिबल, एन-९५ नं त्याहून जास्त. त्यात तीन फुटांवरचा माणूस सहा फुटांवर गेला, अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. आणि काउंटरवर प्लॅस्टिकचा पडदा. म्हणजे मामींचं निदान अगदीच चूक नव्हतं, कोरोनानंच बहिरं केलं, फक्त विषाणू अंगात न शिरता.

खात्रीसाठी शब्दांची चाचणी घेतली. पंचवीस शब्द, मामांनी परत म्हणायचे. माझं तोंड कागदानं झाकून पंचवीसपैकी ११. कागद बाजूला करून दुसरी यादी म्हटली, २३.

मी विचारलं, "फोनवर कसं करता?"

मामी मधेच, "फोन कुठं घेत्यात? धा वर्सं झाली, वाजला की माझ्याकडं देत्यात. मला वाटायचं मालकाचा फोन म्हणून टाळत्यात." (फोनला ओठ नसतात. धा वर्षांपूर्वी कोणीतरी एवढं एकच विचारायला पाहिजे होतं त्यांना. कारखान्यात एकदा कानाची तपासणी झाली होती म्हणे, एकानं मागं उभं राहून "ऐकू येतं का" विचारलं, मामा "हो" म्हणाले आणि कागदावर सही झाली. स्वरच स्वर आहेत त्या प्रश्नात!)

मग मला काय सुचलं, मी मामींना म्हटलं, तुम्ही पण बसा आत. त्या "मला काय झालंय" म्हणत बसल्या. ४००० ला ४५. विहीर नाही, पण खड्डा खणायला घेतलेला. रिपोर्ट समजावताना दोघं मास्क खाली ओढून एकमेकांकडे बघून काहीतरी बोलले, ओठांनी, आवाज नाहीच. मला वाटलं कुजबुजतायत. नंतर लक्षात आलं की घरातसुद्धा यांचं असंच चालतं. मुलगी नंतर मला म्हणाली की लहानपणी तिला वाटायचं सगळ्यांचे आईबाप असेच बोलतात, आणि टीव्ही मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा.

त्याच दिवशी मशीनची ट्रायल दिली. वरच्या फ्रिक्वेन्सीला वाढवायचं, खालचं मोकळं सोडायचं, कान बंद न करणारं. चालू केल्यावर मामा दचकले. "हे काय कुरकुरतंय?" मी त्यांचा केसपेपर दुमडत होते, त्याचा आवाज. मग मामींनी पदर सारखा केला आणि मामा वळून बघायला लागले. "तुझी काकणं वाजत्यात व्हय?"

"तीस वर्सं वाजाय लागल्यात," मामी म्हणाल्या.

लगेच जादू झाली असं समजू नका. बाहेर कोणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला आणि मामांनी दोन्ही हातांनी कान दाबले. अशा कानाचं हे एक विचित्र दुखणं, बारीक ऐकू येत नाही आणि मोठं सहन होत नाही, मधली पट्टी चिंचोळी होऊन बसते. म्हणून तर घरातले म्हातारे "मोठ्यानं बोल" म्हणतात आणि मोठ्यानं बोललं की "ओरडतोस कशाला" म्हणतात. आणि चष्म्यासारखंही नाही, पेशी मेलेल्या असतील तिथं मशीन कितीही ओतलं तरी अर्धंच कळतं. किंमत ऐकून मामा म्हणाले विचार करून सांगतो. एकच घेतलं शेवटी, उजव्या कानाचं, मार्चमध्ये.

पण मला राहवेना, फेब्रुवारीत माझ्या एका सुट्टीच्या दिवशी साऊंड लेव्हल मीटर घेऊन मी त्यांच्या कारखान्यात गेले. मालकानं येऊ दिलं हे विशेष, "फक्त कागद करू नका" एवढंच म्हणाला. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग चालवला, आणि धोटा (आडवं सूत घेऊन जाणारा) इकडून तिकडं बडवत फेकायची रीत साध्या मागावर अजून तीच. मिनिटाला दीडशेच्या आसपास तडाखे, एका मागाचे. असे चोवीस माग, वर पत्रा. दार उघडलं आणि आवाज कानात नाही, छातीत शिरला. मीटर ९९, १००, १०१. आपल्याकडचा नियम आठ तासांना ९०. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संस्था आणखी कडक, ८५ ला आठ तास आणि वर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करा म्हणते, त्या हिशोबानं १०० ला पंधरा मिनिटं. मामांची पाळी बारा तासांची. लोकांना वाटतं १०० म्हणजे ६० च्या जवळजवळ पावणेदोनपट. डेसिबल तसे चालत नाहीत, दर दहाला ऊर्जा दहापट, म्हणजे साध्या बोलण्याच्या ६० पेक्षा तिथं दहा हजारपट ऊर्जा कानावर आदळत होती. रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरनं तीनशे वर्षांपूर्वी तांबटांचे कान ठोकून ठोकून जातात हे लिहून ठेवलंय, म्हणजे यात नवीन शोध काहीच नाही.

मी पिशवी भरून फोमचे इअरप्लग नेले होते. मामांनी घातले, पाच मिनिटांत काढले. आधी कानात सुताचा बोळा घालायचे म्हणे, त्यानं जवळपास काहीच अडत नाही, पण समाधान. प्लग का काढले ते त्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. जॉबर कानानं माग बघतो, चोवीसातल्या एकाचा ठोका चुकला की त्याला पाठमोरं असताना कळतं, आणि तो ठोका जाड आवाजातला, म्हणजे मामांच्या शाबूत राहिलेल्या कानातला. प्लग घातला तर तो ठोकाही लांब जातो. यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मग सगळा आवाज सारखा दाबणारे प्लग मागवून दिले, ते मामा निम्मा दिवस घालतात असं मामी सांगतात, मामा पूर्ण दिवस सांगतात.

तर त्या दिवशी मी आत प्लग घालून, मीटर हातात धरून उभी, आणि चार माग पलीकडून मामांनी मला काहीतरी विचारलं. मी "काय?" ते परत बोलले. मी जवळ गेले, कानाला हात लावला, "काय? काय?" अजून दोघं कामगार थांबून बघायला लागले. शेजारच्या कारखान्यातून मामी दारात आल्या होत्या, त्यांनी तिथूनच मास्क खाली ओढून ओठ हलवले आणि सगळे एकदम हसले, चार-पाच जण, वेगवेगळ्या कोपऱ्यांतले. मला एक अक्षर कळलं नाही.

बाहेर चहा घेताना विचारलं, "मामी, काय म्हणालात तेव्हा?"

"काय न्हाई ओ."

"सांगा की."

मामी मामांकडे बघून म्हणाल्या, "म्हटलं, बाईंस्नी बसवा एकदा त्या काचंच्या खोलीत."